सूर्य फुकट आहे, मीटर नाही

काल दुपारी अडीचला लाइट गेली. नाशिकरोडचं मे महिन्यातलं ऊन, म्हणजे गच्चीवर घातलेल्या कुरडया तासाभरात कडकडीत. त्याच गच्चीवर माझी सहा पॅनेलं, तीन किलोवॅटची, नव्या नवरीसारखी लखलखत होती. आणि त्यांच्या बरोब्बर खाली, हॉलमध्ये, मी कुणाच्या तरी लग्नपत्रिकेनं वारा घेत बसलो होतो. शेजारच्या काकांकडे सोलर नाही, जुना बॅटरीवाला इन्व्हर्टर आहे. त्यांचा पंखा चालू. कुंपणावरून विचारतात, "काय हो, तुमचा सूर्य मावळला वाटतं?"

तेव्हा सल्ला द्यायचा अधिकार आता मला आहे, असं मी धरून चालतो. तुम्हालाही कार्बन कमी करायचा असेल, एकलहऱ्याच्या कोळशाच्या वीजकेंद्राची धुराडी बघून पोटात कालवत असेल, तर नीट ऐका.

आधी जाहिरात मन लावून वाचा. तीन किलोवॅटला 78,000 रुपये अनुदान, वीजबिल जवळजवळ शून्य, हसरं कुटुंब. बारीक अक्षरं मात्र वाचू नका, डोळे बिघडतात. अनुदान नेट मीटर लागून तपासणी झाल्यावरच खात्यात येतं, असलं काहीतरी तिथे असतं. बँकेचा हप्ता कशासाठी थांबत नाही.

मुहूर्त बघून बसवा. मी संक्रांतीला बसवलं. संक्रांत नावाला जागली.

पाण्याच्या टाकीची सावली एका पॅनेलवर पडली की त्याच्या माळेतली बाकीचीही ढेपाळतात. हे व्हेंडरला आधी विचारू नका, त्याला वाईट वाटतं.

लाइट गेल्यावर सोलरवर घर चालेल, अशा भ्रमात जरूर राहा. बिनबॅटरीचं सोलर ग्रिडला बांधलेलं असतं. ग्रिड बंद, की त्याचा इन्व्हर्टरही आपणहून बंद. खांबावर चढलेल्या वायरमनला तुमच्या गच्चीवरच्या विजेचा झटका बसू नये म्हणून. नियम योग्यच आहे, त्याच्या जिवापुढे माझा पंखा काय! पण ही गोष्ट पैसे घेताना कुणी सांगत नाही. पैसे दिल्यावर सगळेच सांगतात.

आता नेट मीटर. हा छंद म्हणूनच जोपासा. निवृत्त असाल तर फारच उत्तम, नोकरी असेल तर सोडा. दुपारी गच्चीवर जास्त झालेली वीज बाहेर जाते, रात्री आपण बाहेरची घेतो, दोन्हींचा हिशोब ठेवणारा हा मीटर. एवढंच त्याचं काम. पोर्टलवर अर्ज केला. फोटो धूसर म्हणून परत. पुन्हा केला. मग तुमच्या डीपीवर, म्हणजे गल्लीच्या ट्रान्सफॉर्मरवर, जागा आहे का, हे बघायला माणूस येणार. तीन आठवडे आला नाही, आला तेव्हा खाली उभं राहून डीपीकडे बघितलं आणि गेला. मग स्टँप पेपरवर करार. मग, "मीटर स्टॉकमध्ये नाही." कधी येईल? "वरून आले की." बाहेरून विकत घेऊ का? "घ्या की." घेतला. "हा टेस्टिंगला द्यावा लागेल." दिला. टेस्टिंगचा रिपोर्ट आला तर सही करणारे साहेब साईटवर. मी अकराला गेलो तरी साईटवर, चारला गेलो तरी साईटवर. कोणती साईट आहे ती बाबा? त्या साईटवर तरी नेट मीटर लागतोय का? तिथं मीटर लावायला माणूस आहे, तर इथं का नाही?

मधे फेब्रुवारीत व्हेंडर म्हणाला, "चालू करून बघू, निदान दिवसाचं तरी घरात वापरलं जाईल." बारा दिवस चालवलं. बिल वाढलं! हसू नका. आमच्या जुन्या मीटरला वीज आत येते की बाहेर जाते, हे कळतच नाही. तारेतून गेली ना, मग वापरली. म्हणजे मी अख्ख्या गल्लीच्या कूलरला वीज पुरवली आणि तिचे पैसेही मीच भरले. तक्रार केली तर खिडकीतल्या बाई म्हणाल्या, "मीटर लागायच्या आधी चालू कशाला केलंत?" तेव्हापासून स्विच बंद आहे. म्हणजे काल लाइट गेली नसती तरी माझी पॅनेलं बंदच होती. हे मी काकांना सांगितलं नाही.

पॅनेलं धूत राहा. बंद असली तरी. कबुतरांना वाटतं त्यांच्यासाठीच बसवलीत.

रोज सकाळी पेपर वाचा, म्हणजे उभारी येते. 2025 मध्ये देशाची निम्मी वीजक्षमता कोळसा-तेल-गॅसशिवायची झाली, 2030 चं उद्दिष्ट पाच वर्षं आधीच गाठलं. छाती फुगवा. फक्त क्षमता म्हणजे प्रत्यक्ष वीज नव्हे, हे कुणाला बोलू नका. तारेतून येणाऱ्या विजेतला मोठा वाटा अजून कोळशाचाच. त्या क्षमतेत गच्चीवरची पॅनेलंही मोजतात म्हणे. माझी तीन किलोवॅट मोजलीत की नाही, तेवढं कुणी तरी बघून सांगा.

थट्टा राहू दे. तीन किलोवॅटवर दिवसाला सरासरी बारा युनिट निघतात. चार महिन्यांत चौदाशेच्या वर. कोळशाच्या विजेला युनिटमागे साधारण किलोभर कार्बन डायऑक्साइड जातो. म्हणजे एका मीटरच्या सहीपायी जवळजवळ दीड टन धूर विनाकारण हवेत गेला, एका घराचा. अशा किती गच्च्या आहेत? लाज वाटत नाही का? ग्लासगोच्या हवामान परिषदेत जाऊन 2070 पर्यंत निव्वळ कार्बन शून्यावर आणायचा शब्द देता आणि इथं एका पेटीवर सील मारायला माणूस मिळत नाही?

आणि तुम्हीही हसताय कशाला? "काहीतरी देऊन टाका ना, आठवड्यात लागतो," असं मला सांगणारे सात जण आहेत. सातही जणांच्या गाडीवर झाडं लावा, झाडं जगवा असा स्टिकर आहे. तुम्ही देऊन टाकलंत म्हणून माझ्याकडे मागतायत, एवढं तरी कळतं का?

उद्या पुन्हा जाणार आहे. अर्जाची पावती, कराराची झेरॉक्स, टेस्टिंगचा रिपोर्ट आणि पाण्याची बाटली. साहेब येईपर्यंत खुर्चीतून उठणार नाही. त्यांच्या ऑफिसात पंखा तरी चालू असतो.