आपला सण नाही म्हणे

आज सकाळी सोसायटीच्या ग्रुपवर कुणीतरी साधं विचारलं होतं, यंदा गेटवर नाताळची चांदणी लावायची का. खाली उत्तर आलं, "कशाला? हा आपला सण नाही." त्यावर सात अंगठे. त्या सातांपैकी तिघांच्या घरी दर २५ डिसेंबरला माझ्या हातच्या करंज्या जातात.

ग्रुपवर उत्तर लिहायला घेतलं, चारदा पुसलं. इथे लिहिते, इथे तुम्ही मला ओळखता.

आपला म्हणजे कुणाचा?

मी नगरची. आमचा नाताळ बर्फातला नव्हता, कडब्यातला होता. चर्चमधला गोठा ज्वारीच्या कडब्याचा. नाटकातल्या मेंढपाळांना घोंगड्या खऱ्या, धनगरांकडून मागून आणलेल्या, त्यांचा वास दोन दिवस अंगाला यायचा. आजी अनारशांसाठी तांदूळ भिजत घालायची. नानकटाईसाठी रवा, मैदा, पिठीसाखर, तूप घेऊन आम्ही पोरं बेकरीत जायचो आणि भट्टीपाशी नंबर लागेपर्यंत ऊब घेत बसायचो. दिवाळीला त्याच भट्टीपाशी शेजारची पोरं बसलेली असायची. फराळ तोच, डबेही तेच. दिवाळी संपली की शेजाऱ्यांकडून जुना आकाशकंदील मागून आणायचा, फाटका कागद काढायचा आणि त्याच्याच कामट्यांची चांदणी करायची, हे पप्पांचं काम. खळ आई शिजवायची.

आणि २४ तारखेच्या रात्री घरोघर गाणी म्हणत फिरायचं. ढोलकी, झांजा, आजोबांच्या गळ्यात पेटी. कवी नारायण वामन टिळकांनी, म्हणजे आमच्या रेव्हरंड टिळकांनी, १८९५ साली बाप्तिस्मा घेतला, पण भजन-कीर्तन काही सोडलं नाही, ते चर्चमध्ये आणलं. त्यांची पदं आजोबांना तोंडपाठ होती.

१९८९ सालची ती रात्र मी कधी विसरणार नाही. पप्पा एसटीत ड्रायव्हर. त्यांचे एक जोडीदार काका दरवर्षी नाताळच्या रात्री पप्पांची ड्युटी करायचे आणि लक्ष्मीपूजनाला पप्पा त्यांची. कुठे लिहिलेलं नव्हतं, ठरलेलं होतं. त्या वर्षी काकांची मुलगी दवाखान्यात होती, म्हणून पप्पा स्वतःच ड्युटीवर गेले. आजी रागावली. आजोबा काही बोलले नाहीत. शेवटचं घर झालं तेव्हा पहाटेचे तीन-साडेतीन झाले असतील. सगळे घरी वळणार, तर आजोबा सरळ माळीवाडा स्टँडकडे चालायला लागले. मी ९ वर्षांची, आजीची शाल गुंडाळलेली, हातात झांजा. पाय गारठून गेलेले.

मॉलमधला कापसाचा बर्फ आणि शाळेत लाल टोप्या घालून पोरांना नाचवणं मलाही आवडत नाही, तेवढं मान्य. पण तो राग मॉलवर काढा ना. माझ्या दारातल्या चांदणीवर का?

आणि ते दुसरं वाक्य, "तुमचं मराठी किती छान हो!" तीस वर्षं ऐकतेय. छान नसायला काय झालं? १८३१ साली नगरला अमेरिकन मिशन आलं. मिशन बाहेरून आलं, आम्ही नाही. आम्ही इथेच होतो, याच मातीत, गावकुसाबाहेर. माझ्या पणजोबांना गावच्या विहिरीला हात लावू देत नव्हते, तेव्हा ते कुणाचे 'आपले' होते? हे लिहील का कुणी ग्रुपवर? त्यावर किती अंगठे येतील?

असो. हात थरथरताहेत. चहा करून आले.

तर स्टँडवर. गोधड्या पांघरून लोक फलाटावर झोपलेले. पप्पा पहाटेच्या गाडीचं टायर बघत होते. आजोबा गाडीसमोर उभे राहिले आणि त्यांनी पेटीवर सूर धरला. पप्पांनी वर पाहिलं, काही न बोलता केबिनमध्ये चढले आणि हेडलाइट लावले. त्या उजेडात आम्ही ख्रिस्तजन्माची पदं म्हटली. दोन पदं झाली तेव्हा फलाटावरचे एक आजोबा उठून आले, गळ्यात तुळशीची माळ, पंढरपूरच्या वाटेवरचे असतील. त्यांनी माझ्या हातातून झांजा घेतल्या. शब्द त्यांना येत नव्हते, पण चाल अभंगाची होती. पुढचं पद सगळं त्यांनी वाजवलं. मग आईने कंडक्टरला, त्यांना, टपरीवाल्याला, सगळ्यांना करंज्या वाटल्या. त्या माळकरी आजोबांनी करंजी कपाळाला लावून मग खाल्ली. "हा कुणाचा सण" असं त्यांनी विचारलं नाही.

गाडी सुटली तेव्हा पप्पांनी एकदाच हॉर्न दिला. लांब.

त्या काकांची मुलगी बरी झाली. पुढच्या नाताळला काका पुन्हा ड्युटीवर.

आता पप्पा ७८ वर्षांचे आहेत. दुपारी फोन केला होता. ग्रुपचं काही सांगितलं नाही. त्यांनीच विचारलं, "चांदणी झाली का गं?" मी म्हटलं, अजून नाही, यंदा विकतची आणीन म्हणते. तिकडून थोडा वेळ काही आवाज आला नाही. मग म्हणाले, "कामट्या बघ कुणाकडे मिळतात का."

संध्याकाळी समोरच्या काकूंची बेल वाजवली. दिवाळीचा कंदील आहे का, म्हटलं, जुना असला तरी चालेल. सकाळच्या सातांत त्यांचाही अंगठा होता, हे त्यांना ठाऊक, मलाही ठाऊक. एक मिनिट दारातच उभ्या राहिल्या. मग स्टूल ओढून माळ्यावर चढल्या आणि कंदील काढून दिला. धूळ पुसूनच दिला.

कागद फाटलाय, कामट्या चांगल्या आहेत. खळ गॅसवर ठेवलीय.