काळ्या यादीचा कारभार

स्वतःच्या मालकीचा समाजमाध्यम सर्व्हर चालवणाऱ्याला कोणाची परवानगी घ्यावी लागत नाही, हे जितके खरे, तितकेच हेही खरे की आपले काम ढकलायला त्याच्या हाताखाली कोणी नसते. असे सर्व्हर चालवण्याचे मॅस्टोडॉन हे सॉफ्टवेअर २०१६ साली आले, २०१८ मध्ये सर्व्हरांनी एकमेकांशी बोलण्याच्या ॲक्टिव्हिटीपब या नियमावलीला डब्ल्यूथ्रीसी या वेबची मानके ठरवणाऱ्या संस्थेची मान्यता मिळाली, आणि कोणत्याही कोपऱ्यातला सर्व्हर माझ्या सर्व्हरशी बोलू लागला. त्यांतले कित्येक जे काही बोलतात, ते एकदा वाचले की जेवण जात नाही. म्हणून ब्लॉकलिस्ट, म्हणजे बंदी घातलेल्या सर्व्हरांची यादी, आली; आणि ती रोज हाताने भरण्याचा कंटाळा आला म्हणून स्क्रिप्ट, म्हणजे ते काम आपोआप करणारा छोटा प्रोग्रॅम, आली.

योजना कागदावर सुरेख होती. चार विश्वासू सर्व्हरांच्या सीएसव्ही (साध्या तक्त्याच्या फाइलीतल्या) याद्या उतरवून घ्यायच्या, त्या एकत्र करायच्या आणि ॲडमिनच्या, म्हणजे सर्व्हर चालवणाऱ्याच्या, टोकनने (गुप्त किल्लीने) एपीआयमार्फत, म्हणजे प्रोग्रॅमसाठी ठेवलेल्या दारातून, आपल्या सर्व्हरवर चढवायच्या. वेळापत्रक क्रॉनकडे, म्हणजे ठरल्या वेळी कामे चालवणाऱ्या प्रोग्रॅमकडे, सोपवायचे. (इतरत्र पाच चांदण्या दिसल्या की आपण खूश होतो, क्रॉनमध्ये वेळेच्या जागी त्या लिहिल्या तर त्यांचा अर्थ ‘दर मिनिटाला’ असा होतो, हे समोरच्या सर्व्हरने माझ्या विनंत्या नाकारायला सुरुवात केल्यावर कळते.)

पहिली अडचण नावांची. अशा सर्व्हरांची फुकट जाहिरात होऊ नये म्हणून काही ॲडमिन सार्वजनिक यादीत डोमेनची (सर्व्हरच्या पत्त्याची) मधली अक्षरे झाकतात आणि त्या जागी फुल्या टाकतात. हेतू स्तुत्य आहे. मात्र माझी स्क्रिप्ट त्या फुल्या अक्षरशः घेते आणि जगात अस्तित्वातच नसलेल्या डोमेनवर अत्यंत निष्ठेने बंदी घालते.

दुसरी अडचण शिक्षेची. एक यादी म्हणते ‘मर्यादित करा’, म्हणजे त्यांचे लेखन सार्वजनिक प्रवाहात दिसू नये, पण अनुसरणाऱ्यांना (फॉलोअर्सना) दिसावे. दुसरी म्हणते ‘निलंबित करा’, म्हणजे संबंधच तोडा. मतभेद झाला की कडक शिक्षा धरायची की सौम्य, हे स्क्रिप्टला आधी सांगून ठेवावे लागते. निलंबनाने दोन्हीकडची अनुसरणे तुटतात आणि पुढे बंदी उठवली तरी ती परत जुळत नाहीत. पूर्वी हे कोणाच्या लक्षात येत नसे. ऑक्टोबर २०२४ मध्ये आलेल्या मॅस्टोडॉनच्या ४.३ आवृत्तीपासून मात्र सर्व्हर प्रत्येक सदस्याला आपणहून कळवतो की ॲडमिनच्या कृपेने तुमची अमुक इतकी नाती तुटली. त्यानंतर सदस्य विचारतात, “अहो, माझ्या मावसभावाने असे काय केले होते?” आणि मला यादीतला कारणाचा रकाना उघडावा लागतो.

तो रकाना हा स्वतंत्र विषय आहे. कुठे तो कोरा असतो, कुठे ‘वाईट’ एवढेच लिहिलेले असते आणि कुठे ‘सगळ्यांना माहीत आहे’. मावसभावाच्या सर्व्हरपुढे ‘दुसऱ्या यादीत आहे’ असे होते. तेव्हा मी बहुमताचा नियम केला: निदान तीन याद्यांत नाव असेल तरच बंदी. हा नियम मला फार न्याय्य वाटला, तारखा पडताळेपर्यंत. तीन याद्यांपैकी दुसरीने नाव पहिलीतून घेतले होते, तिसरीने दुसरीतून, आणि पहिलीने, जी स्वतःही स्क्रिप्टच चालवते, ते तिसरी अद्ययावत झाल्यावर कारणासकट पुन्हा नव्याने नोंदवले होते. साक्षीदार तीन, पण घटना पाहिलेला एकही नाही.

हल्ली म्हणून मर्यादा घालण्याचे काम स्क्रिप्ट करते आणि निलंबनाची प्रकरणे माझ्या तपासणीसाठी बाजूला ठेवते. परिणामी पूर्वी मी तक्रारी वाचत असे, आता तक्रारी आणि स्क्रिप्टच्या नोंदी, असे दोन्ही वाचतो. शिवाय कोणत्याही परिस्थितीत बंदी घालू नये अशा डोमेनांची एक पांढरी यादी ठेवावी लागली. तिच्यात पहिले नाव आमच्याच सर्व्हरचे आहे, कारण गेल्या महिन्यात उतरवलेल्या एका यादीत ते निघाले. आजवर पाहिलेल्या साऱ्या याद्यांत कारणाचा रकाना पूर्ण वाक्यात भरलेली ती एकमेव नोंद होती: ‘हे लोक न तपासता इतरांच्या याद्या उतरवून घेतात.’