नाव सोनूबाई, पण युनियनच्या खात्यात खडखडाट

रग्बीतलं मला सगळं कळतं असं नाही, ऑफसाइड समजावताना अजूनही माझीच फे फे उडते, पण फिजीचं प्रकरण मी गेली दहाएक वर्षं धरून ठेवलंय आणि दर वेळी कुणीतरी ‘अरे त्यांच्या रक्तातच आहे रग्बी’ म्हणालं की माझं डोकं फिरतं. असेल हो रक्तात. रक्तावर विमानाची तिकिटं मिळत नाहीत.

२०१६ चं रिओ आठवा. सेव्हन्सच्या, म्हणजे सात-सात जणांच्या रग्बीच्या, फायनलला यांनी ग्रेट ब्रिटनला ४३-७ असं धुतलं, देशाचं पहिलंवहिलं ऑलिम्पिक मेडल आणि तेही थेट गोल्ड. मेडल घ्यायला एकेक जण गुडघ्यावर बसला, समोर ब्रिटनची राजकन्या ॲन, आणि मेडल गळ्यात पडलं की हा पठ्ठ्या ओंजळीसारखे हात करून टाळ्या वाजवतोय, मान द्यायची त्यांची पद्धत आहे ती. मी तो व्हिडिओ कितीदा बघितला असेल देव जाणे. पुढच्या वर्षी सरकारने कॅप्टन आणि कोचचं चित्र टाकून चक्क सात डॉलरची नोट काढली. सात! आणि त्या नोटेवरच्या कोचला, बेन रायनला, २०१३ मध्ये कामावर घेतलं तेव्हा सुरुवातीचे काही महिने पगारच मिळाला नव्हता, युनियनकडे, म्हणजे देशाचा रग्बी चालवणाऱ्या संघटनेकडे, पैसेच नव्हते, आणि २०१४ मध्ये तर हिशोब धड नाहीत म्हणून जागतिक संघटनेनेच यांचा निधी अडवला. हाती कथलाचा वाळा म्हणतात तो हाच.

बरं, ही युनियन काही कालची नाही. १९१३ ची आहे. आधी गोऱ्यांनी आपली काढली, मग दोन वर्षांनी तिथल्या मूळ लोकांची, म्हणजे ताउकेईंची, वेगळी निघाली, एकत्र यायला बराच काळ गेला. (गिरमिटियांची, म्हणजे मळ्यांवर नेलेल्या भारतीय मजुरांची, नातवंडं अजूनही जास्त करून फुटबॉलवाली, तो वेगळा विषय.) फिजीची पहिली इंटरनॅशनल मॅच १९२४ ला सामोआमध्ये आपियाला झाली, सकाळी सातला, कारण सामोआच्या पोरांना नंतर कामावर जायचं होतं! आणि ग्राउंडच्या मधोमध हाफवे लाइनवर झाड. फिजीवाले अनवाणी खेळले, ६-० ने जिंकले. झाडाला वळसा घालून टॅकल कसा करत असतील हा प्रश्न मला आजही पडतो.

आता अलीकडचं. कितीतरी वर्षं देशाचे पंतप्रधान बैनिमारामा हेच युनियनचे अध्यक्ष होते, आपल्याकडे हे वाचून कुणी दचकणार नाही म्हणा. सत्ता बदलली आणि एप्रिल २०२३ मध्ये कर्ज आणि कारभारावरून अख्खं बोर्ड घरी पाठवलं, हंगामी लोक बसवले. वर्ल्ड कप पाच महिन्यांवर, आधीचा कोच फेब्रुवारीतच सोडून गेलेला. अशा अवस्थेत ऑगस्टमध्ये ट्विकनहॅमला, इंग्लंडच्या घरच्या मैदानावर जाऊन इंग्लंडला ३०-२२ ने हरवलं, मग वर्ल्ड कपात ऑस्ट्रेलियाला २२-१५, तब्बल ६९ वर्षांनी.

झालं, लगेच सगळे सुरू, ‘बघा, युनियनबिनियन काही लागत नाही, टॅलेंट लागतं.’ साफ चूक. त्या टीममधली निम्म्याच्या आसपास पोरं फिजियन द्रुआची, म्हणजे फिजीतल्याच व्यावसायिक क्लब टीमची होती, आणि द्रुआ काही आभाळातून पडली नाही, कागदपत्रं, करार, स्पॉन्सर, पाठपुरावा असल्या रटाळ कामातून ती २०२२ मध्ये सुपर रग्बीत, म्हणजे ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडच्या क्लबांच्या मोठ्या लीगमध्ये उतरली. त्याआधी चांगला पोरगा दिसला की फ्रान्स किंवा न्यूझीलंडला गेलाच म्हणून समजा, आणि मग नॅशनल टीमसाठी क्लबकडून सोडवून आणायची मारामार. आता निदान काही जणांना घरीच पगार मिळतो. मार्च २०२३ मध्ये फिजीतल्या लौटोकाला द्रुआने न्यूझीलंडच्या तगड्या क्रुसेडर्सला २५-२४ ने पाडलं, आपल्या पब्लिकसमोर. माझ्या मते ऑलिम्पिक गोल्डपेक्षा ही मोठी गोष्ट आहे, शिव्या घालायच्या तर घाला.

पण खरी गोम पैशाची आहे. रग्बीत जो यजमान त्याचा गल्ला. ट्विकनहॅम ऐंशी हजारांचं, भरलं की पैसे इंग्लंडचे, पाहुण्या फिजीला तिकिटांतला वाटा नाही. आणि फिजीने घरी खेळवलं तर स्टेडियम छोटं, लोकसंख्या नऊ लाख, म्हणजे आपल्या एखाद्या शहराएवढी, टीव्हीच्या हक्कांना कोण विचारतंय. अशा युनियनचा कारभार उद्या अगदी सोन्यासारखा झाला तरी गल्ल्यात येणार काय?

म्हणून २०२६ च्या नेशन्स चॅम्पियनशिपचं वेळापत्रक बघून मी हसलो पण आणि वाईट पण वाटलं. बारा टीमची नवी स्पर्धा, फिजीला त्यात जागा मिळाली, छानच. जुलैमध्ये त्यांच्या ‘होम’ मॅचेस कुठे, तर वेल्सविरुद्ध कार्डिफला, इंग्लंडविरुद्ध लिव्हरपूलला आणि स्कॉटलंडविरुद्ध मरेफिल्डला, एडिनबरात! त्याच स्कॉटलंडला २०२५ मध्ये सुवात, फिजीच्या राजधानीत, २९-१४ ने लोळवलंय यांनी. युनियनला दोष द्यावासा वाटत नाही, पैसे तिकडेच आहेत.

आपियाला शंभर वर्षांपूर्वी पोरांच्या कामाच्या वेळेला सांभाळून सकाळी सातला मॅच ठेवली होती. एडिनबरात दुपारी खेळ सुरू होईल तेव्हा सुवात मध्यरात्र उलटलेली असेल, आणि तिथला माणूस गजर लावून आपल्या टीमची घरची मॅच बघायला उठेल.