आमच्या एक्सेलमध्ये उधारीची ओळच नव्हती

परवा एका मित्राचा फोन, तू तो ऑनलाइन स्टार्टअप कोर्स केलेलास ना, मी पण करू का, पंधरा हजार मागतायत. मी सांगायला बसलो तर पाऊण तास गेला आणि शेवटी त्याला हो का नाही तेच कळलं नाही. म्हणून इथं लिहितोय. लांब होणार आहे, चहा घेऊन बसा.

आधी आमचं सांगतो. सोलापुरात अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलचा कारखाना, आजोबांनी चार मागांवर सुरू केलेला, आता बारा आहेत. घरात तेलुगू, बाजारात मराठी, मागावर जे तोंडात येईल ते, आमच्या पूर्व भागात हे काय कोणाला समजवावं लागत नाही. मी इथल्याच डब्ल्यूआयटी कॉलेजातून इंजिनिअरिंग केलं, हिंजवडीत सहा वर्षं काढली, लॉकडाऊनमध्ये घरी आलो तो परत गेलोच नाही. असा परत आलेला पोरगा दिसला की अशोक चौकात लोक आधी हेच बघतात की याला काढलं का यानं सोडलं. अप्पांनी पहिल्याच महिन्यात सांगून टाकलं, "तू ते वेबसाईट-बिबसाईट काय ते कर, सुताच्या खरेदीत हात घालू नको."

तर मी वेबसाईट-बिबसाईट केली. डोक्यात असं होतं की होलसेलरला मधे न घेता पार्लर आणि सलूनला डायरेक्ट टॉवेल द्यायचे, दर तीन महिन्यांनी नवा सेट. तेवढ्यात इन्स्टावर त्या कोर्सची जाहिरात आली, बारा आठवडे, मंगळवार-शुक्रवार रात्री आठ ते दहा, मेंटॉरिंग, शेवटी डेमो डे, म्हणजे इन्व्हेस्टरसमोर आपला धंदा मांडायचा. नाव लिहीत नाही, माणसं चांगली होती, आणि जे खटकलं ते त्यांचं एकट्याचं नाही, आजूबाजूच्या सगळ्याच दुकानांत हाच माल आहे.

पहिल्या मंगळवारी मी कारखान्याच्या ऑफिसमधून जॉइन झालो, घरी नेट चालत नव्हतं. ओळख करून द्यायची माझी पाळी आली, अनम्यूट केलं, आणि पलीकडचे मेंटॉर म्हणाले, तुमच्या मागं हेलिकॉप्टर उतरतंय का. बारा माग चालू होते हो. त्या दिवसापासून ग्रुपमध्ये माझं नाव हेलिकॉप्टर पडलं ते आजतागायत आहे.

सुरुवातीला आम्ही चौतीस जण होतो. सांगोल्याचा एक पोरगा, डाळिंबाच्या बागेत ओलावा मोजायचं सेन्सर बनवणारा. लातूरच्या एक ताई, मुलांच्या शाळेच्या डब्याचं काहीतरी. इचलकरंजीचा एकजण, तो पण मागवालाच, त्यामुळं आमचं लगेच जमलं. शेवटच्या आठवड्यात अकरा उरले. बाकीचे कुठं गेले कोणी विचारलं नाही, कॅमेरे एकेक करून बंद होत गेले, मग नावंच दिसेनाशी झाली.

पहिले तीन आठवडे नुसते शब्द. टॅम, सॅम, सॉम, कॅक, एलटीव्ही, बर्न, रनवे, म्हणजे बाजार केवढा, एक गिऱ्हाईक आणायला खर्च किती, त्याच्याकडून मिळणार किती, महिन्याला पैसे किती जळतात आणि किती महिने पुरतील, एवढंच. मार्केट साईझवाल्या सेशनला तर मजाच झाली, अख्ख्या भारतातला टॉवेलचा बाजार घ्या, त्यातला एक टक्का तुमचा धरा, बघा किती कोटी होतात. अप्पा मागून बिलबुक न्यायला आले होते, ते थांबले आणि मला हळूच म्हणाले, "एक टक्का म्हणजे किती डझन रे?" मी म्यूटवर होतो म्हणून बरं. पण खरं सांगू का, त्या दोन तासांत कोणी विचारलेला शहाणा प्रश्न तेवढाच होता.

आणि हे शब्द शिकायला पैसे कशाला द्यायचे हा प्रश्न मलाही पडला होता. वाय कॉम्बिनेटर म्हणजे स्टार्टअपमध्ये पैसे घालणारी अमेरिकेतली मोठी पेढी, २००५ पासूनची, त्यांची स्टार्टअप स्कूल २०१७ पासून ऑनलाइन आहे आणि फुकट आहे. सगळं तिथं पडलंय. मी दोनदा लावून बघितलेलं, दोन्ही वेळेला तिसऱ्या व्हिडिओला झोपलो.

मग चौथ्या आठवड्यात नियम आला. पाच-पाच जणांचे गट केले आणि दर मंगळवारी सुरुवातीला प्रत्येकानं एकच आकडा सांगायचा, या आठवड्यात किती गिऱ्हाइकांशी बोललात. विक्री किती, फॉलोअर किती असलं काही नाही. बोललात किती. पहिल्या वेळी मी म्हणालो शून्य, कारण लोगोचं काम चालू होतं. लातूरच्या ताई म्हणाल्या, "दादा, लोगो टॉवेलवर दिसतो तरी का?" लाज वाटली राव. दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी काढली आणि नवी पेठेपासून सुरुवात केली.

त्या दोन आठवड्यांत मी चाळीस पार्लर-सलून पालथी घातली. नवी पेठ, सात रस्ता, होटगी रोड, जुळे सोलापूर. बॅगेत आमचा सगळ्यात भारी माल, पाचशे जीएसएम, म्हणजे एक चौरस मीटर कापडाचं वजन पाचशे ग्रॅम, हातात घेतला की गादीसारखा लागतो, पांढराशुभ्र. मला वाटलेलं बघताक्षणी उड्या पडतील.

विजापूर रोडवरच्या एका पार्लरवाल्या मावशींनी तो हातात घेतला, दाबला, आणि परत दिला. म्हणाल्या, "छान आहे, पण हा वाळणार कधी?" मग मागच्या बाजूला नेऊन दोरी दाखवली. दोरी एक, टॉवेल तीस, आणि नळाला पाणी चार-पाच दिवसांनी एकदा. जाड टॉवेल पाणी पितो, पावसाळ्यात दोन दिवस ओला राहतो, वास मारतो. पांढरा तर नकोच, मेंदी आणि हेअर कलर एकदा लागला की गिऱ्हाइकाच्या खांद्यावर टाकायला लाज वाटते. त्यांना हवा होता पातळ, गडद तपकिरी नाहीतर काळा, सोळा बाय सत्तावीस इंची, आणि धागे सुटून कलर केलेल्या केसांना चिकटणार नाहीत असा. चाळीसपैकी बहुतेकांनी थोड्याफार फरकानं हेच सांगितलं. तीन पिढ्या आम्ही टॉवेल विणतोय आणि हे आम्हाला माहीत नव्हतं, कारण आमचा टॉवेल वापरणारं माणूस आम्ही कधी बघितलंच नव्हतं, आम्ही बघितला तो होलसेलर.

घरी येऊन अप्पांना सांगितलं की तीनशे जीएसएमचा माल काढू. ते भडकलेच. कारण आम्ही विकतो किलोवर. सोळा-सत्तावीसचा नग पाचशेमध्ये एकशे चाळीस ग्रॅमच्या आसपास भरतो, तीनशेमध्ये पंच्याऐंशी. विणायला माग तेवढाच वेळ खाणार, शिलाई तेवढीच, आणि वजन कमी म्हणजे पैसे कमी. "काय करलालास बे, हलका माल विकून आपल्याच पोटावर पाय?" बरोबरच होतं त्यांचं, त्यांच्या हिशोबानं. चार दिवस आमचं बोलणं बंद. शेवटी नगावर दर लावायचा असं ठरलं, आणि आमच्या कारखान्यात पहिल्यांदा टॉवेल वजनकाट्यावर न जाता मोजून गेला. कोर्सनं मला काय दिलं तर हे दिलं. कुठल्या मेंटॉरनं हे सांगितलं नव्हतं, फक्त मंगळवारी आठ वाजता शून्य म्हणायची भीती होती.

आता मूळ तक्रार. सातव्या आठवड्यात फायनान्सचं टेम्प्लेट दिलं, एक्सेल, छान रंगीत. किती पैसे उभे केले, महिन्याला किती जळतात, किती महिने पुरतील. मी भरायला बसलो आणि अडकलो. त्यात उधारीची ओळच नव्हती. माल आज गेला की पैसे आले असं धरून सगळा हिशोब. अरे, सोलापुरात माल जातो संक्रांतीला, गड्ड्याची जत्रा उरकते, उन्हाळा पार पडतो, आणि पैसे येतात पावसाबरोबर, आले तर. सुताचे पैसे मात्र रोख नाहीतर आठ दिवसांत. आमचं काही जळत नाही, आमचं अडकतं. ते टेम्प्लेट दुसऱ्याचे पैसे खर्च करणाऱ्यांसाठी होतं आणि आमचे पैसे दुसऱ्याच्या गल्ल्यात पडलेले. मी सेशनमध्ये विचारलं तर उत्तर मिळालं, ॲडव्हान्स पेमेंट इन्सिस्ट करा. बरं. करतो.

मेंटॉर एकूण नऊ झाले. एक जण गाडीच्या मागच्या सीटवरून जॉइन झाले आणि टोल नाक्यावर गायब झाले. एकानं माझं डेक, म्हणजे धंद्याच्या स्लाइड, न बघता ॲप काढा म्हणून सांगितलं. पण एक मॅडम आल्या, आधी मोठ्या हॉटेलांसाठी खरेदी करायच्या, रिटायर झालेल्या. त्यांनी डेक उघडूच दिलं नाही. पहिला प्रश्न, येणं किती दिवसांनी येतं? मी म्हटलं शंभर, कधी दीडशे. त्यांचा दुसरा प्रश्न होता, बिलावर उद्यम नंबर, म्हणजे लघुउद्योगाच्या सरकारी नोंदणीचा नंबर, टाकता का?

मग त्यांनी पंधरा मिनिटांत जे सांगितलं ते आमच्या बाजारात निम्म्या लोकांना अजून नीट माहीत नाही. २००६ च्या एमएसएमई, म्हणजे सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योगांच्या कायद्यात आधीपासून आहे की सूक्ष्म आणि लघु उद्योगाचे पैसे लेखी करार नसेल तर पंधरा दिवसांत आणि करार असला तरी जास्तीत जास्त पंचेचाळीस दिवसांत द्यायचे, उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दरानं चक्रवाढ व्याज. त्यात १ एप्रिल २०२४ पासून इन्कम टॅक्सचं ४३बी(एच) कलम आलं, म्हणजे घेणाऱ्यानं मुदतीत पैसे दिले नाहीत तर तो खर्च त्याला ज्या वर्षी पैसे देईल त्याच वर्षी धरता येतो. मार्चएन्डला व्यापाऱ्याला तुमची आठवण येईल ती यानं. पण त्याच पुढं म्हणाल्या की हे कागदावर आहे, तुम्ही तक्रार केली की गिऱ्हाईक गेलं, ते धरून चाला. आणि झालंही तसंच. पुढच्या महिन्यात एका परगावच्या होलसेलरनं निरोप पाठवला, बिलावर तो उद्यमचा नंबर नको, नाहीतर माल दुसरीकडून घेतो. आम्ही नंबर काढला. लपवत नाही, काढला. अठरा लाख अडकलेत त्यांच्याकडं.

पण पार्लरवाल्यांचं मात्र त्या दिवसापासून ठरवून टाकलं, अर्धे आधी, अर्धे माल हातात पडल्यावर यूपीआयवर. तीस टॉवेलचं बिल केवढं असतं, कोणी नाही म्हटलं नाही.

सरकारी स्टार्टअपवालं पण बघितलं, कारण कोर्समध्ये प्रत्येक जण सीड फंडच्या, म्हणजे स्टार्टअपला सुरुवातीला मिळणाऱ्या सरकारी पैशांच्या, मागं होता. २०२१ ची ती योजना, इनक्युबेटर म्हणजे नव्या कंपन्यांना हात देणाऱ्या संस्था, त्यांच्यामार्फत वीस लाखांपर्यंत ग्रँट. पण कंपनी दोन वर्षांच्या आतली पाहिजे, प्रोप्रायटरशिप, म्हणजे एकट्याच्या नावावरचा धंदा, चालत नाही, आणि जुना धंदा तोडून किंवा नवं नाव देऊन काढलेली कंपनी स्टार्टअप धरतच नाहीत. म्हणजे आजोबांनी कारखाना काढला ही आमची चूक. सांगोल्याच्या पोराला मात्र त्याचा उपयोग होऊ शकतो, त्यानं अर्ज केलाय, बघू.

डेमो डेबद्दल फार लिहिण्यासारखं नाही. तीन मिनिटं मिळाली, दोन इन्व्हेस्टर होते, एकाचा कॅमेरा बंद. दुसऱ्यानं विचारलं हे शंभर शहरांत कसं नेणार. मी म्हटलं आधी बार्शी आणि पंढरपूरला नेतो. सर्टिफिकेट आलं पीडीएफमध्ये, आडनाव चुकलेलं.

तर मित्रा, तुझा प्रश्न. शिकायचं म्हणून पंधरा हजार देऊ नको, ते फुकट मिळतं. फंडिंग मिळेल म्हणून तर अजिबात देऊ नको. दर आठवड्याला चार अनोळखी माणसं तुला आकडा विचारणार असतील तर दे, आणि पैसे भरायच्या आधी त्यांना एवढंच विचार की तुमच्या एक्सेलमध्ये उधारी कुठं लिहायची. गप्प बसले तर समज.

कोर्स संपून सात महिने झाले. आमचा पाच जणांचा गट अजून दर मंगळवारी आठला गूगल मीटवर भेटतो, मेंटॉर नाही, फी नाही. लातूरच्या ताई अजून तशाच कडक आहेत. आज मंगळवार आहे, साडेसात वाजलेत, आणि ही पोस्ट लिहिण्याच्या नादात माझा या आठवड्याचा आकडा दोनच आहे. सात रस्त्यावरचं एक सलून साडेआठपर्यंत उघडं असतं, निघतो.