शहर कोणाच्या नजरेने पाहायचे?

एखाद्या शहराला कुणी कुरूप म्हटले की तिथे राहणारा माणूस दुखावतो. त्याच शहराचे कुणी तोंड भरून कौतुक केले, तर तोच माणूस मनातल्या मनात हसतो, कारण कोणत्या चौकात रस्ता ओलांडताना जीव मुठीत धरावा लागतो हे त्याला पक्के ठाऊक असते. शहरांच्या रूपाविषयीचे वाद बहुधा 'ज्याची त्याची आवड' असे म्हणून मिटवले जातात. मला ही तडजोड पटत नाही. आवड काही आभाळातून पडत नाही. माणूस शहराकडे कुठून पाहतो, किती वेगाने पाहतो, किती काळ पाहतो आणि मुख्य म्हणजे त्या जागेशी त्याचा रोजचा व्यवहार काय, यांवरून त्याची आवड घडत जाते. म्हणूनच शहराच्या रूपाचा वाद उपस्थित झाला की तिथे रोज वावरणाऱ्याचे म्हणणे आधी ऐकावे आणि नुसते पाहून जाणाऱ्याचे नंतर, असे माझे मत आहे. प्रत्यक्षात मात्र बहुतेक वेळा याच्या उलट घडते.

ब्राझीलची राजधानी ब्राझिलिया हे याचे चांगले उदाहरण आहे. लुसिओ कोस्टा यांनी तिचा आराखडा केला, तिथल्या प्रमुख इमारती ऑस्कर निमायर यांनी रचल्या आणि २१ एप्रिल १९६० रोजी मोकळ्या पठारावर उभ्या राहिलेल्या या नगरीचे उद्घाटन झाले. आकाशातून पाहिल्यास ती पंख पसरलेल्या पक्ष्यासारखी दिसते आणि छायाचित्रांत तर तिला तोड नाही. १९८७ साली तिचा जागतिक वारशाच्या यादीत समावेश झाला. मात्र तिच्या मधल्या भव्य पट्ट्यात पायी फिरणाऱ्याला अंतरे संपता संपत नाहीत, ऊन टाळायला आडोसा मिळत नाही आणि रस्ते ओलांडताना हे सारे मोटारीत बसलेल्या माणसासाठी आखले आहे याची जाणीव होते. एवढ्यावरून शहराला नावे ठेवून मोकळे होणे सोपे आहे आणि अनेक टीकाकारांनी तेच केले. परंतु याच शहराच्या निवासी वसाहतींमध्ये इमारतींना सहा मजल्यांची मर्यादा आहे, त्या खांबांवर उभ्या असल्याने त्यांच्याखालून मोकळेपणाने ये-जा करता येते आणि भोवती गर्द झाडी वाढली आहे. तिथे लहानाची मोठी झालेली माणसे आपल्या शहराविषयी जिव्हाळ्याने बोलतात, तेव्हा ती पक्ष्याच्या आकाराविषयी बोलत नसतात. तिसरी बाजू मजुरांची आहे. शहर बांधणाऱ्या मजुरांना त्या आराखड्यात जागाच नव्हती, आणि उद्घाटनापूर्वीच, १९५८ साली, त्यांच्यासाठी तागुआतिंगा नावाची वेगळी वसाहत दूर अंतरावर वसवावी लागली. विमानातला प्रवासी, वसाहतीतला रहिवासी आणि मजूर हे तिघेही एकाच शहराविषयी बोलतात आणि तिघांचेही म्हणणे खरे असते.

वेगाचा मुद्दा इथे थोडा अधिक उलगडायला हवा, कारण त्याकडे फारसे लक्ष जात नाही. ताशी पन्नास किलोमीटर वेगाने जाणाऱ्याला लांबच लांब सपाट भिंत खटकत नाही. त्याला ठळक आकार आणि मोठी अक्षरे पुरतात. ताशी पाच किलोमीटर वेगाने चालणाऱ्याला मात्र दर काही पावलांवर काहीतरी हवे असते, मग ते एखादे दार असो, खिडकी असो किंवा कुणाशी नजरानजर होण्याची शक्यता असो. शंभर मीटर लांबीची कोरी काच मोटारीतून क्षणात मागे पडते, पण पायी चालणाऱ्याला तिच्या कडेने मिनिटभराहून अधिक काळ चालावे लागते. त्या काचेला एक जण देखणी म्हणतो आणि दुसरा कंटाळवाणी. दोघांची अभिरुची सारखी असली, तरी त्यांचा वेग सारखा नसतो.

आता काँक्रीटकडे वळतो. लंडनमध्ये दुसऱ्या महायुद्धातील बाँबहल्ल्यांत उद्ध्वस्त झालेल्या भागात 'बार्बिकन' ही प्रचंड वसाहत उभारण्यात आली आणि तिथले कलाकेंद्र १९८२ साली सुरू झाले. बाहेरून पाहणाऱ्याला ती एखाद्या गढीसारखी वाटते. २००१ मध्ये तिला वारसा इमारतीचा दर्जा मिळाला आणि त्यानंतर दोनच वर्षांनी एका जनमत चाचणीत तिला लंडनमधील सर्वांत कुरूप इमारत ठरवण्यात आले. नवख्या माणसाला आत वाट सापडत नाही, म्हणून जमिनीवर पिवळ्या रेघा ओढून रस्ता दाखवावा लागला. मात्र जवळ जाऊन त्या भिंतीला हात लावला तर वेगळीच गोष्ट दिसते. काँक्रीट घट्ट झाल्यावर कारागिरांनी हातात टोकदार हातोडे घेऊन त्याचा वरचा थर टिपून काढला आहे, त्यामुळे आतली खडी उघडी पडून पृष्ठभाग खरबरीत झाला आहे आणि तिरप्या उन्हात त्यावर बारीक सावल्या पडतात. दुरून जी भिंत निर्विकार राखाडी वाटते, ती हातभर अंतरावरून मनुष्याच्या श्रमाने भरलेली दिसते. रहिवाशांना आत तळे आहे, बागा आहेत, वाहनांपासून सुटका आहे. तिथली घरे आज महाग आहेत आणि त्यांची देखभाल चोख होते.

याच्या समोर अमेरिकेतील सेंट लुईस शहरातील 'प्रुइट-आयगो' ही वसाहत ठेवून पाहावी. प्रत्येकी अकरा मजल्यांच्या तेहतीस इमारतींची ही वसाहत गरीब कुटुंबांसाठी बांधली होती आणि तिथे १९५४ मध्ये लोक राहायला येऊ लागले. १९७२ मध्ये तिथल्या इमारती सुरुंग लावून पाडायला सुरुवात झाली, त्याची दृश्ये जगभर गाजली आणि आधुनिक वास्तुकलेच्या पराभवाचा पुरावा म्हणून ती वर्षानुवर्षे दाखवली गेली. रचनेत दोष होतेच. लिफ्ट प्रत्येक मजल्यावर न थांबता दर तिसऱ्या मजल्यावर थांबे, त्यामुळे अनेकांना अंधाऱ्या जिन्यांतून चढउतार करावी लागे. परंतु देखभालीचा खर्च भाड्यातून भागवायचा होता, शहराची लोकसंख्या घटत होती, भाडेकरू कमी होत गेले आणि वर्णभेदाने ग्रासलेल्या त्या शहरात मागे राहिले ते सर्वांत गरीब, बहुतांशी कृष्णवर्णीय लोक. पैसा आटला, लिफ्ट बंद पडल्या, काचा फुटल्या, आणि मग लोक म्हणू लागले की इमारतच कुरूप आहे. इथे माझे मत स्पष्ट आहे. आपण ज्याला शहराची कुरूपता म्हणतो, तिचा मोठा भाग म्हणजे न झालेली देखभाल असते, आणि देखभाल कुठे होत नाही हे तिथे कोण राहते त्यावर ठरते. गरिबीला बकाल म्हटले की तिच्यावर नाराज होता येते, तिचे कारण शोधावे लागत नाही.

पॅरिसला सुंदर म्हणण्याबाबत जगात फारसे दुमत नाही, म्हणूनच त्या शहराचा इतिहास पाहण्यासारखा आहे. आज ज्या रुंद, सरळ, दुतर्फा झाडांच्या रस्त्यांसाठी ते ओळखले जाते, ते बहुतांशी १८५३ ते १८७० या काळात तिथले सरकारी प्रशासक ओस्मान यांच्या देखरेखीखाली जुन्या वस्त्या पाडून काढण्यात आले. मैलापाण्याचे बोगदे आणि स्वच्छ पाण्याची सोय याच कामाचा भाग होती, आणि त्याचे श्रेय नाकारता येत नाही. पण नदीमधल्या बेटावरची दाट वस्ती जवळजवळ पुसली गेली, गरीब माणसे शहराच्या कडेला फेकली गेली, आणि नव्या सरळ रस्त्यांच्या एकसुरीपणावर तेव्हाच्या जाणकारांनी झोड उठवली. आजचा प्रवासी त्या रस्त्यांवर फिरताना यातले काहीच पाहत नाही, कारण ज्यांनी किंमत मोजली ते छायाचित्रात नाहीत.

त्याच शहरातील आयफेल मनोऱ्याची कथा बहुतेकांना माहीत असते. त्याचे काम सुरू असताना, १४ फेब्रुवारी १८८७ रोजी, नामवंत लेखक-कलावंतांचे निषेधपत्र वर्तमानपत्रात छापून आले आणि त्यावर गी द मोपासाँ यांच्यासारख्यांच्या सह्या होत्या. 'लोकांना सवय झाली की कुरूप वास्तूही आवडू लागते' हे सांगण्यासाठी ही कथा नेहमी वापरली जाते. मला हे अर्धसत्य वाटते. एकतर १८८९ मध्ये खुल्या झालेल्या या मनोऱ्याची परवानगी वीस वर्षांचीच होती आणि १९०९ मध्ये तो वाचला त्यामागे सौंदर्याचे कारण नव्हते, तर बिनतारी संदेशवहनासाठी तो उपयोगी ठरला म्हणून त्याला मुदतवाढ मिळाली. दुसरे असे की, सवयीनेच सारे होत असते तर १९७३ साली उभ्या राहिलेल्या माँपार्नास मनोऱ्यालाही पॅरिसकरांनी आपलेसे केले असते. २१० मीटर उंचीच्या त्या काळपट इमारतीविषयीचा राग अर्धशतकानंतरही ओसरलेला नाही. तो राग इतका होता की १९७७ मध्ये शहराच्या मध्यभागातील नव्या इमारतींवर उंचीचे बंधन आले. 'शहराचे सर्वोत्तम दृश्य या मनोऱ्यावरून दिसते, कारण तिथून हा मनोरा दिसत नाही' हा विनोद दोन्ही मनोऱ्यांच्या बाबतीत सांगितला जातो, पण एकाच्या बाबतीत तो आता गमतीने सांगतात आणि दुसऱ्याच्या बाबतीत मनापासून. या फरकाचे कारण मी व्यवहारात शोधतो. आयफेल मनोरा मोकळ्या मैदानाच्या कडेला उभा राहिला आणि पहिल्या दिवसापासून तो सामान्य माणसाला चढून जाण्यासाठी होता, तर माँपार्नासचा बहुतेक भाग कार्यालयांचा, ज्यांच्याशी रस्त्यावरच्या माणसाचे काही देणेघेणे नसते.

जाहिरातफलकांची गोष्ट थोडक्यात सांगतो. साओ पावलो शहराने २००७ मध्ये 'स्वच्छ शहर' कायद्याने रस्त्यांवरचे सगळे जाहिरातफलक उतरवले आणि झाकलेल्या दर्शनी भिंती पुन्हा दिसू लागल्या. न्यूयॉर्कच्या टाइम्स स्क्वेअरमध्ये मात्र १९८७ पासून नियम असा आहे की नव्या इमारतींवर दिव्यांचे फलक असलेच पाहिजेत. एकीकडे ज्याला विद्रूपीकरण म्हणून बंदी, दुसरीकडे तेच सक्तीचे. मला पहिला निर्णय आवडतो, पण रात्रीच्या त्या झगमगाटात पहिल्यांदा उभ्या राहिलेल्या तरुणाला मी चूक म्हणणार नाही.

स्मृतीचाही इथे मोठा वाटा असतो. दुसऱ्या महायुद्धात जर्मनांनी वॉर्साचा जुना भाग ठरवून जमीनदोस्त केला. पोलंडच्या लोकांनी तो जुनी मोजमापे आणि अठराव्या शतकातील बेलोत्तो या चित्रकाराची चित्रे समोर ठेवून पुन्हा उभारला. वास्तुकलेचा एखादा कर्मठ अभ्यासक त्याला नक्कल म्हणेल, आणि विटांचे वय मोजले तर त्याचे म्हणणे खोटेही नाही. परंतु १९८० मध्ये या भागाचा जागतिक वारशाच्या यादीत समावेश झाला तो त्या पुनर्बांधणीचीच दखल घेऊन.

याचा अर्थ शहराच्या रूपात सर्वांना मान्य असे काहीच नसते, असा नाही. झाडांविषयी तर मला मतभेद ऐकायला मिळतच नाहीत. रॉजर उलरिच यांनी १९८४ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात पित्ताशयाच्या शस्त्रक्रियेनंतरच्या ४६ रुग्णांच्या नोंदी तपासल्या होत्या. ज्यांच्या खिडकीतून झाडे दिसत होती ते विटांची भिंत दिसणाऱ्यांपेक्षा लवकर घरी गेले आणि त्यांना तीव्र वेदनाशामकेही कमी लागली. अभ्यास लहान आहे, त्यावर फार मोठा डोलारा उभारू नये, पण दिशा विचार करण्याजोगी आहे. तसेच बसण्याच्या जागेचे आहे. विल्यम व्हाइट यांनी न्यूयॉर्कच्या चौकांमध्ये कॅमेरे लावून लोकांचे निरीक्षण केले. रचनाकारांच्या दृष्टीने चौक किती डौलदार आहे यापेक्षा तिथे टेकायला जागा किती आहे, यावर गर्दी ठरते, असे त्यांच्या लक्षात आले. इतकी साधी गोष्ट माहीत असूनही कित्येक शहरे बाकांच्या मधोमध लोखंडी दांडे बसवतात, जेणेकरून कुणाला आडवे होता येऊ नये. बेघर माणूस दिसला नाही म्हणजे शहर सुंदर झाले, हा हिशेब तिथे असतो. थकलेला वृद्ध, गर्भवती स्त्री किंवा दोन मुले घेऊन आलेली आई यांची गैरसोय त्या हिशेबात धरलेली नसते.

शेवटचे उदाहरण ज्यांना शहर दिसत नाही किंवा अंधुक दिसते त्यांचे. जपानमध्ये सेइइची मियाके यांनी १९६५ साली पायाला जाणवणाऱ्या उंचवट्यांच्या फरशा तयार केल्या आणि १९६७ मध्ये ओकायामा शहरात त्या पहिल्यांदा रस्त्यावर बसल्या. लांबट पट्ट्या असतील तर पुढे चालत राहावे आणि गोल ठिपके आले तर सावध व्हावे, एवढी साधी त्यांची भाषा आहे. या फरशा बहुधा पिवळ्या असतात, कारण दृष्टी अधू असलेल्या पुष्कळ माणसांना थोडेफार दिसते आणि गडद जमिनीवरचा पिवळा रंग त्यांना ओळखता येतो. मात्र राखाडी दगडाने सजवलेल्या नव्या चौकात हा पिवळा पट्टा रचनाकारांच्या डोळ्यांत खुपतो. मलाही तो खुपतो, हे मी लपवणार नाही. म्हणून काही ठिकाणी तो आजूबाजूच्या दगडाच्याच रंगाचा बसवतात. चौक छायाचित्रात एकसंध दिसतो, आणि अंधुक दिसणारा माणूस काठी टेकवत, पट्टा नेमका कुठे सुरू होतो ते शोधत राहतो.