शीटवरचा 3 मिल आणि परत आलेलं कार्ड (प्रतिक्रियेला उत्तर)

नमस्कार. एवढं सविस्तर लिहिलंत त्याबद्दल आधी आभार. पैसे आणि महिना दोन्ही गेल्यावर माणूस चिडणारच, त्यात काही चूक नाही.

ज्यांनी मूळ प्रतिक्रिया वाचली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. मी मागे लिहिलं होतं की चार लेयरपर्यंतचे पीसीबी (सर्किट बोर्ड) आणि छोट्या लॉटची एसएमटी असेंब्ली (मशीनने बोर्डावर पार्ट बसवून सोल्डर करणं) पुण्यात भोसरी-चाकण पट्ट्यात नीट होते, दरवेळी चीनमधल्या शेन्झेनला पळायची गरज नाही. प्रतिक्रिया देणाऱ्यांचं म्हणणं असं की एका शॉपच्या कॅपॅबिलिटी शीटवर (शॉप किती बारीक काम करू शकतं त्याची यादी) 3 मिल ट्रॅक (बोर्डावरची कॉपरची रेघ; मिल म्हणजे इंचाचा हजारावा भाग) छापलेला, यांनी 4 मिल दिला तरी निम्मे बोर्ड ओपन (रेघ तुटलेली) नाहीतर शॉर्ट (शेजारच्या रेघेला चिकटलेली), असेंब्लीत क्यूएफएन (लांब पाय नसलेले चपटे आयसी) नीट बसले नाहीत, पार्ट्सही जास्तीचे मागून घेतले. मग "इथे होतं" असं लिहून लोकांना खड्ड्यात का घालता?

मी अजूनही म्हणतो, इथे होतं. पण ते शीट कसं वाचायचं यावर भांडू या, कारण खरी गोम तिथेच आहे.

तुम्हीच लिहिलंय की कार्ड पॉवरचं होतं, कॉपर 70 मायक्रॉन. एचिंगचं, म्हणजे नको ते कॉपर काढून टाकायचं केमिकल फक्त खाली खात नाही, बाजूनेही खातं, त्यामुळे कॉपर जितकं जाड तितका ट्रॅक वरून जास्त अरुंद होतो, आणि बाहेरच्या लेयरवर भोकं प्लेट करताना, म्हणजे त्यांच्या आत कॉपर चढवताना, 20-25 मायक्रॉन आणखी चढतं ते वेगळंच. 3 मिलचा आकडा असतो पातळ फॉइलसाठी. 70 मायक्रॉनला साधारण 6-8 मिल सोडावे लागतात, शेन्झेनमध्येसुद्धा. शीटवरचा प्रत्येक आकडा सुटा सुटा खरा असतो, सगळे एकाच बोर्डावर एकदम मागितले की कोणाच्याच हातात राहत नाहीत. ड्रिलचंही तेच, 1.6 मिमी बोर्डात 0.2 चं भोक म्हणजे 8 ला 1 हे प्रमाण, ते प्लेट होतं, पण बोर्ड 2.4 चा केलात की तेच 12 ला 1 होतं आणि आत कॉपर पातळ बसतं.

बरं, यात शॉपची चूक नाही का? आहे, आणि मोठी आहे. फाइल आल्यावर कॅम करणाऱ्याने (फाइल तपासून मशीनसाठी तयार करणारा) ट्रॅक आणि कॉपर बघून त्याच दिवशी फोन करायला हवा होता. तो फोन न करता पॅनल (ज्यातून अनेक बोर्ड निघतात तो मोठा पत्रा) लावणारा शॉप मी तरी परत धरणार नाही. म्हणून ऑर्डरच्या आधी विचारायचं, "तुम्ही रोज काय चालवता, या कॉपरला किती स्पेसिंग, आणि प्रत्येक बोर्ड फ्लाइंग प्रोबवर (सुया टेकवून जोडणी तपासणारं मशीन) चेक होतो का?" टेस्ट झाली असती तर ओपन बोर्ड असेंब्लीला गेलेच नसते, तुमचे आयसी वाचले असते.

क्यूएफएनचा फोटो नीट बघितला. मधल्या थर्मल पॅडमध्ये (आयसीची उष्णता बोर्डात उतरवणारा पॅड) व्हाया (बोर्डातली आरपार भोकं) उघडे आहेत. रिफ्लोमध्ये (भट्टीत) सोल्डर पेस्ट वितळली (लेड-फ्री पेस्ट 217 डिग्रीच्या पुढे वितळते) की ती त्या भोकांतून मागच्या बाजूला उतरते, म्हणून खाली सोल्डरचे थेंब दिसतायत आणि पॅडखाली पोकळी राहिली असणार, एक्स-रे केला की कळेल. व्हाया भरून वर कॉपर चढवून घ्या, ते महाग वाटलं तर निदान भोकं बारीक ठेवून मागून सोल्डर मास्कने (बोर्डावरचा रंगाचा थर) बंद करा. काही पिन उचललेल्या दिसतात त्यांचं कारण स्टेन्सिल (पेस्ट लावायचा भोकांचा पत्रा) असावं. मधलं ओपनिंग सलग ठेवलं तर जास्त पेस्टवर पार्ट तरंगतो, ते खिडकीच्या चौकटीसारखं चार-सहा तुकड्यांत करायचं, म्हणजे गॅसलाही बाहेर पडायला वाट मिळते.

शेन्झेनच्या भावाबद्दल तुम्ही बरोबर आहात. दोन डॉलरला पाच बोर्ड इथे कोणी देणार नाही, कारण तिकडे एका पॅनलवर अनेक गिऱ्हाइकांची कामं एकत्र लागतात आणि लॅमिनेट (बोर्डाचा कच्चा पत्रा) शेजारीच बनतं. आपल्याकडे लॅमिनेट मुख्यतः बाहेरून येतं. 2025 मध्ये केंद्राने कंपोनंटसाठी 22,919 कोटींची योजना मंजूर केली त्यात मल्टिलेयर पीसीबीही आहेत आणि कॉपर क्लॅड लॅमिनेटही, हे मला फार गरजेचं वाटतं. पण तो स्वस्त भाव साध्या दोन लेयरच्या स्टँडर्ड बोर्डाचा आहे, 70 मायक्रॉन टाकून कोटेशन काढून बघा.

राहिले जास्तीचे पार्ट्स. 0402 (अगदी बारीक साइझ) पार्ट्सची कापलेली टेप फीडरला (मशीनला पार्ट पुरवणारा भाग) लावायची तर पुढचा काही भाग ओढण्यातच जातो, शिवाय मशीन थोडे पार्ट उचलताना टाकतं, म्हणून 100 ला 150 मागितले तर त्यात लबाडी नाही. रेझिस्टरचे ते काही रुपये सोडून द्या. महागडे आयसी मात्र मोजून द्या, ट्रेमध्ये द्या, आणि उरलेले परत मिळतील असं चलनावरच लिहून घ्या. तुमचे सहा कंट्रोलर परत आले नाहीत म्हणता, ते आजच फोन करून मागा. ओलाव्याची लेव्हल (पार्ट ओलावा किती लवकर धरतो त्याचा दर्जा) 3 असलेला पार्ट पाकीट उघडल्यावर 168 तासच बाहेर चालतो, त्यामुळे पाकीट कधी उघडलं तेही विचारा, आणि वेळ उलटून गेली असेल तर बेक केल्याशिवाय (गरम करून सुकवल्याशिवाय) बोर्डावर लावू नका.