एका पेल्यासाठी वेगळे यंत्र का? एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार.

न्याहारीच्या स्मूदीसाठी छोटा ब्लेंडर कसा निवडावा, या माझ्या लेखावरची आपली प्रतिक्रिया मी दोनदा वाचली. पहिल्या वाचनात थोडा राग आला, दुसऱ्या वाचनात त्यातले दोन मुद्दे पटले, म्हणून हे उत्तर सविस्तर लिहितो. आपले म्हणणे थोडक्यात असे आहे: घरोघरी ७५० वॅटचा मिक्सर असताना ४०० वॅटचा ब्लेंडर घ्यायला सांगणे म्हणजे ओट्यावरची जागा आणि पैसा दोन्ही वाया घालवायला सांगणे, निम्म्या ताकदीचे यंत्र चांगले कसे, हे मी कुठेही दाखवलेले नाही, आपल्याकडचा असाच एक ब्लेंडर आठ महिन्यांत जळला, आपली मुलगी वसतिगृहात चार्जिंगवर चालणारी ब्लेंडरची बाटली वापरते, त्या बाटलीचा मी उल्लेखही केला नाही, आणि शेवटी, स्मूदी म्हणजे आपली शिकरणच, नाव तेवढे इंग्रजी.

शिकरणीचा मुद्दा आधी मान्य करून टाकतो. केळे, दूध, साखर आणि चिमूटभर वेलदोडा एवढेच हवे असेल, तर केळे हाताने कुस्करावे, दूध घालावे आणि खावे. त्यासाठी मिक्सरही नको आणि ब्लेंडरही नको. पिकलेला हापूस, पपई किंवा चांगला मऊ झालेला घोलवडचा चिकू यांनाही पात्याची गरज नसते, रवीने भागते. यंत्र लागते ते पेल्यात भिजवलेले ओट्स, खजूर, बदाम, पालकाची पाने किंवा गोठवलेली फळे पडू लागली की. रवी घुसळते, कापत नाही. खजुराची साल तिच्याने तुटत नाही. आमच्या घरी स्मूदी सुरू झाली तीही हौसेने नव्हे. आईच्या दाढा काढाव्या लागल्या, सकाळचे थालीपीठ तिला चावता येईनासे झाले, आणि ओट्स, खजूर, बदाम पोटात जाण्याचा हाच एक मार्ग उरला. बदामाची एक कणी राहिली तरी ती हिरडीला टोचते, त्यामुळे 'बारीक झाले' म्हणजे नेमके किती बारीक, याचा निकाल आमच्याकडे रोज सकाळी लागतो.

आता मिक्सर. मूळ लेखात मी 'मिक्सरमध्ये एका माणसाची स्मूदी नीट होत नाही' असे सरसकट विधान केले होते. ते चूक होते, आणि आपण ती चूक दाखवलीत हे बरे झाले. लिहायला हवे होते ते असे, की मिक्सरच्या मोठ्या भांड्यात होत नाही. दोष मोटारीचा नाही, भांड्याच्या रुंदीचा आहे. आपली प्रतिक्रिया वाचल्यावर मी आमच्या दीड लिटरच्या भांड्याला फूटपट्टी लावली, तेव्हा आतला व्यास १२ सेंटिमीटर भरला. त्यात २५० मिलिलिटर, म्हणजे एक पेला दूध ओतले तर ते जेमतेम सव्वादोन सेंटिमीटर उंच उभे राहते, आणि पातीही साधारण तेवढ्याच उंचीवर फिरतात. दुधाच्या वरच्या थरातच फिरणारी पाती दुधाबरोबर हवा ओढतात. फेस होतो, केळ्याचे तुकडे भांड्याच्या अंगावर उडून तिथेच चिकटतात आणि खजूर पात्याखालच्या खाचेत जाऊन बसतो. आमच्या छोट्या ब्लेंडरला भांड्याऐवजी मोटारीवर उलटी बसणारी बाटली आहे आणि तिचा व्यास साडेसात सेंटिमीटर आहे. तेवढेच दूध तिच्यात साडेपाच सेंटिमीटरच्या वर चढते, पाती पूर्ण बुडतात, मध्ये भोवरा पडतो आणि वर गेलेला तुकडा त्या भोवऱ्यातून पुन्हा पात्यावर येतो. पदार्थ बारीक होतो तो असा पुन्हा पुन्हा पात्यावर आल्यामुळे. अर्थात चार जणांची एक लिटर स्मूदी करायची असेल तर हाच हिशेब उलटतो. तेव्हा छोटी बाटली चार वेळा भरत बसणे हा शुद्ध वेडेपणा आहे.

मग चटणीचे भांडे का नको, हा आपला प्रश्न रास्त आहे, आणि इथे मला माझे मत बदलावे लागत आहे. गेले काही दिवस मी आईचा पेला चटणीच्या भांड्यात करून पाहिला: एक केळे, दोन चमचे भिजवलेले ओट्स, तीन खजूर, सहा बदाम आणि १५० मिलिलिटर दूध. पहिले दोन दिवस झाकणाच्या कडेने दूध ओघळले, कारण हे भांडे मुळात चटणीसाठी असते आणि अर्ध्याहून अधिक पातळ पदार्थ घातला की दाबून बसवायचे साधे झाकण त्याला अडवू शकत नाही. तिसऱ्या दिवशी मी सगळे घन पदार्थ केवळ ५० मिलिलिटर दुधात थांबून थांबून वाटले आणि उरलेले दूध शेवटी घालून पाच सेकंद फिरवले. त्या दिवशी थेंबही सांडला नाही आणि आईचीही तक्रार आली नाही. तक्रार आली ती चौथ्या दिवशी, कारण आदल्या रात्री त्याच भांड्यात लसणाची चटणी झाली होती. भांडे स्वच्छ घासलेले होते, पण झाकणाच्या रबरी वॉशरने वास धरून ठेवला होता. तेव्हा आता माझा सल्ला असा: आपला मिक्सर चांगला चालत असेल, स्मूदी एकाच माणसाची असेल आणि रोज लागत नसेल, तर त्याच मिक्सरला बसणारे चटणीचे दुसरे भांडे घ्यावे आणि ते फक्त गोड पदार्थांसाठी ठेवावे. ब्लेंडरपेक्षा ते बरेच स्वस्त पडते. मूळ लेखात हा पर्याय असायला हवा होता.

वॅटच्या बाबतीत मात्र मी माझ्या मतावर ठाम आहे. यंत्रावर छापलेला वॅटचा आकडा ते यंत्र किती वीज घेण्यासाठी बनवले आहे हे सांगतो. पेल्यातले केळे किती बारीक होईल हे सांगत नाही. मिक्सरमध्ये आणि छोट्या ब्लेंडरमध्ये कार्बन ब्रशवर चालणारी एकाच जातीची मोटार असते, आणि भार नसताना दोन्हींची पाती मिनिटाला अठरा-वीस हजार किंवा त्याहून अधिक फेरे घेतात. ७५० वॅट लागतात ते भिजवलेली उडीद डाळ वाटताना, कारण ते वाटण घट्ट होऊन पात्यांना धरून ठेवते. १९६०च्या दशकात सत्यप्रकाश माथुर यांनी मुंबईत सुमीत मिक्सर घडवला तोही त्याच अडचणीतून, कारण मऊ फळांसाठी बनलेले परदेशी ब्लेंडर आपल्या डाळी-मसाल्यांपुढे टिकत नव्हते. मिक्सरची ताकद ही त्या कामाची ताकद आहे. दुधात बुडालेल्या केळ्याला ती लागत नाही. उलट छोट्या ब्लेंडरमध्ये कुणी इडलीचे पीठ वाटायला घेतले, तर तो जळाला याचे मला मुळीच आश्चर्य वाटणार नाही.

यावरून आपल्या जळालेल्या ब्लेंडरकडे वळतो. तो मी पाहिलेला नाही, त्यामुळे निदान करणार नाही, पण असे ब्लेंडर जळतात कसे ते सांगतो. या मोटारीला थंड ठेवणारा पंखा तिच्याच दांड्यावर बसवलेला असतो. मिश्रण घट्ट झाले की मोटार मंदावते. मंदावली की ती अधिक वीज खेचून अधिक तापते, आणि नेमक्या त्याच वेळी पंखाही मंदावलेला असल्यामुळे हवा कमी मिळते. म्हणूनच छोट्या ब्लेंडरच्या माहितीपत्रकात सलग एक मिनिटापेक्षा जास्त चालवू नये असे बहुधा लिहिलेले असते, आणि म्हणूनच गोठवलेली फळे दोन चमचे दह्यात फिरवण्याचा हट्ट धरू नये. (आपला ब्लेंडर अमेरिकेतल्या नातेवाइकांनी आणलेला नव्हता, असे मी गृहीत धरतो. तिथल्या १२० व्होल्टच्या यंत्राला आपले २३० व्होल्ट दिले तर आठ महिने लागत नाहीत, आणि प्लगला नुसता अडॅप्टर लावल्याने व्होल्टेज बदलत नाही.) दुसरे कारण मी स्वतः भोगले आहे. या यंत्रात बाटली मोटारीवर उलटी बसते, म्हणजे सगळे दूध पात्याच्या बुडाशी असलेल्या एका रबरी वॉशरच्या भरवशावर मोटारीच्या डोक्यावर उभे असते. माझ्या पहिल्या ब्लेंडरचा वॉशर वर्षभरात सैल पडला, दूध थेंबाथेंबाने खाली झिरपत राहिले, आणि कपलरभोवती, म्हणजे मोटारीचा फेरा पात्याला देणाऱ्या चक्रीभोवती, काळे चिकट कडे दिसू लागले तेव्हा मी ते ओल्या फडक्याने पुसून समाधान मानले. महिन्याभरात आतले बेअरिंग करकरू लागले. गल्लीतल्या मिक्सर दुरुस्तीवाल्यांनी यंत्र उघडून दाखवले तेव्हा आत आंबलेल्या दुधाचा थर होता. मोटार सुधारता आली असती, पण त्या कंपनीचे पाते आणि वॉशर सुटे मिळतच नव्हते, त्यामुळे पूर्ण यंत्र भंगारात गेले.

त्या अनुभवानंतर मी ब्लेंडर निवडण्याची रीतच बदलली, आणि मूळ लेखात ज्या दोन ओळींवर मी हे भागवले होते त्या इथे सविस्तर लिहितो. यंत्र पसंत पडले तरी लगेच घेऊ नये. आधी जवळच्या दुरुस्तीच्या दुकानात जाऊन त्या नावाचे पाते, वॉशर आणि कपलर सुटे मिळतात का ते विचारावे, कारण पहिल्या दोन-तीन वर्षांत झिजतात ते हेच तीन भाग. दुकानात बाटलीत २०० मिलिलिटर पाणी भरून घ्यावे, पाते आवळून ती वर्तमानपत्रावर पाच मिनिटे उलटी ठेवावी आणि कागद ओला होतो का ते पाहावे. दुकानदार कंटाळतो, पण नाही म्हणत नाही. बाटलीचे तोंड हात आत जाईल एवढे रुंद असावे. वॉशर नखाने किंवा दातकोरणीने बाहेर काढता यावा, कारण त्याच्या खालच्या खोबणीत जमणारा बुळबुळीत थर आठवड्यातून एकदा निघालाच पाहिजे, नाहीतर पेल्याला येणारा आंबूस वास कुठून येतो हे कळत नाही. फुली आकाराचे पाते ओल्या पदार्थांसाठी आणि सपाट पाते सुक्यासाठी असते. जवस घालणार असाल तर सपाट पातेही सोबत असणारा संच घ्यावा, कारण अख्खे जवस दुधात फिरवले तर बरेचसे दाणे तसेच राहतात. घरगुती मिक्सरसाठी आयएस ४२५० हे भारतीय मानक आहे; आयएसआय चिन्हासोबत तो क्रमांक दिसला तर उत्तम. रंग, बटणांची संख्या, सोबतची पाककृतींची पुस्तिका यांवर वेळ घालवण्यात अर्थ नाही.

वापराबद्दलही एक दुरुस्ती. आपण लिहिले आहे की, 'आम्ही गरम दुधातच करतो.' मिक्सरच्या भांड्यात, झाकणाला वाफ जायला वाट असताना ते कदाचित चालून जात असेल. छोट्या ब्लेंडरमध्ये ते कृपया कधीही करू नये. ही बाटली पूर्ण बंद असते, गरम पदार्थ फिरला की आत वाफेचा दाब वाढतो, आणि पाते सैल करताक्षणी सगळे तोंडावर येऊ शकते. शिजवलेले ओट्स घालायचे असतील तर ते निवू द्यावेत. घालण्याचा क्रमही मिक्सरच्या उलट ठेवावा: आधी फळे आणि सुका मेवा, शेवटी दूध, बाटली उलटी झाली की दूध पात्याशी येते आणि सुरुवातीचा अडकण्याचा प्रकार टळतो.

आपल्या मुलीच्या चार्जिंगच्या बाटलीचा उल्लेख मी मुद्दाम टाळला होता, पण आपण विचारलेच आहे तर साधा हिशेब मांडतो. ४०० वॅटचा ब्लेंडर ४५ सेकंद पूर्ण भाराने चालला तर एका पेल्याला ५ वॅट-तास वीज लागते. २,००० मिलिअँपिअर-तास आणि ३.७ व्होल्ट अशी बॅटरी असलेल्या बाटलीत एकूण ७.४ वॅट-तास साठतात, आणि एका चार्जिंगमध्ये दहा पेले होतात असा दावा असेल, तर प्रत्येक पेल्याच्या वाट्याला पाऊण वॅट-तासही येत नाही. मोठा ब्लेंडर नेहमी पूर्ण भाराने चालत नाही हे धरले तरी हा फरक फार मोठा आहे. तरीही वसतिगृहात, जिथे खोलीत विजेची उपकरणे लावू देत नाहीत, तिथे ती बाटली उपयोगाची आहे, फक्त तिच्याकडून जमेल तेवढेच मागावे. खजूर आणि ओट्स रात्रभर भिजवून ठेवावेत, बदामांऐवजी शेंगदाण्याचे कूट घालावे, केळ्याचे बोटाच्या पेराएवढे तुकडे करावेत, आणि बर्फ घालायचाच असेल तर तो नंतर पेल्यात घालावा.

राहिला आपला स्वतःचा प्रश्न. आपण दोघेच असता आणि स्मूदी आठवड्यातून दोन-तीनदाच होते असे आपण लिहिले आहे. तेव्हा आधी आपल्या चटणीच्या भांड्यात १५० मिलिलिटर पाणी घ्यावे, झाकण हाताने दाबून धरून ते तीन-चार वेळा क्षणभर फिरवावे आणि झाकणाच्या कडेवरून कोरडे बोट फिरवून पाहावे. बोट कोरडेच राहिले, तर आपल्याला ब्लेंडर घ्यायची गरज नाही.